ती गोळी ॲसिडिटीची नव्हती

आई, बाबा,

साष्टांग नमस्कार. हे फोनवर सांगायला घेतलं असतं तर आई, तू दुसऱ्या मिनिटाला रडली असतीस आणि बाबांनी "बरं बरं, जेवलास का" म्हणून फोन तुझ्याकडे दिला असता. म्हणून लिहितोय. दादाला मोठ्या अक्षरात प्रिंट काढून द्यायला सांगितलंय. बाबा, तुम्हीच आईला वाचून दाखवा आणि मधलं काही गाळू नका, तिला लगेच कळतं.

मागच्या महिन्यात आलो होतो तेव्हा आई तू माझी बॅग आवरत होतीस आणि गोळ्यांचं पाकीट हातात घेऊन विचारलंस, ही कसली रे? मी म्हणलं ॲसिडिटीची. तू लगेच कोकम सरबत करून आणलंस, जाताना बाटलीत भरून पण दिलंस, आणि पुण्यापर्यंत ती बाटली मांडीवर घेऊन बसलो होतो, एक घोट गेला नाही. ती गोळी ॲसिडिटीची नव्हती. तिचं नाव एसिटालोप्राम, रोज सकाळी एक, 10 मिलिग्रॅमची, सायकिअॅट्रिस्टनी लिहून दिलेली. आणि मार्चपासून मी दर बुधवारी एका थेरपिस्टकडे जातोय. त्या क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहेत, एम.फिल. केलेल्या, सरकारी नोंदणी असलेल्या. मी सगळं नीट बघून मगच गेलो, कुणा बाबा-बुवाच्या नादी लागलेलो नाही.

आधी हे ऐका. मी ठणठणीत आहे. मावशींचा डबा दोन्ही वेळ चालू आहे, बुधवारी भाकरी असते, वजन कमी झालेलं नाही, झोप पहिल्या दोन आठवड्यात जरा बिघडली होती आणि मळमळायचं, आता दोन्ही बंद. नोकरी आहे तशीच आहे. जिवाचं काही बरंवाईट करावं असं कधीही मनात आलेलं नाही, आई, तू पहिलं तेच विचारणार म्हणून आधीच सांगतो.

मग झालंय काय? याला सोशल अँग्झायटी म्हणतात. तुम्ही म्हणाल, तू लाजाळू आहेस हे आम्हाला काय नवीन. पण लाजाळू माणूस दहा मिनिटात रुळतो. माझं तसं नाही. कुणाच्या घरी जेवायला जायचं असलं की चार दिवस आधीपासून पोटात गोळा येतो, तिथे गेलो की छाती धडधडते, हात थरथरतील म्हणून चहाचा कप उचलत नाही, आणि घरी आल्यावर पुढचे तीन दिवस मी काय बोललो, कुणी कसं बघितलं हेच डोक्यात फिरत राहतं. दादाच्या लग्नात मी दोन तास गच्चीवर होतो. माईआत्याच्या वास्तुशांतीला जे झालं तेही यातलंच, उद्धटपणा नव्हता तो. आणि एक खोटं आजच सांगून टाकतो. मला टीम लीड करायला दोनदा विचारलं होतं. मी नाही म्हणलो, आणि तुम्हाला सांगितलं की कंपनीत राजकारण चालतं. राजकारण काही नव्हतं. टीम लीड झालं की रोज सकाळी पंधरा जणांसमोर बोलावं लागतं, एवढंच कारण होतं. बाबा, तुम्ही त्यावरून माझ्या साहेबांना किती दिवस नावं ठेवलीत, त्या माणसाचा काही दोष नव्हता.

पहिल्याच भेटीत मॅडमनी 24 प्रश्नांचा कागद दिला. लोकांसमोर फोन करणं, चारचौघात जेवणं, कुणी बघत असताना काम करणं, दुकानात वस्तू परत करणं, असे प्रसंग. प्रत्येकाला भीती किती आणि टाळता किती याचे वेगवेगळे मार्क. जास्तीत जास्त 144, माझे 91 आले. वाचताना मला रडूच आलं, कारण मला वाटायचं हे फक्त माझंच आहे, आणि इथे कुणीतरी माझ्या सगळ्या गोष्टी आधीच छापून ठेवल्या होत्या.

आता बाबा, दुकानाचं. मॅडमनी विचारलं, लहानपणी तुमच्या वतीने कोण बोलायचं? मी सांगितलं की गिऱ्हाईक आलं की मी गोठायचो म्हणून बाबांनी मला गल्ल्यावर कधी बसवलंच नाही, आत पोत्यांजवळ बसून पुड्या बांधायला दिल्या. पाव किलो शेंगदाण्याची पुडी माझ्याएवढी चापून अजून कुणी बांधत नसेल. आणि पाहुण्यांनी नाव विचारलं की आईच सांगायची, इयत्ता पण आईच सांगायची. मॅडम म्हणाल्या, दरवेळी कुणीतरी सोडवलं की तेवढ्यापुरतं बरं वाटतं, पण भीती जागच्या जागी राहते, कारण न सोडवता काय झालं असतं हे कधी कळतच नाही. ह्यात तुमची चूक झाली असं मनातसुद्धा आणू नका. माझा चेहरा बघवायचा नाही म्हणूनच करायचात तुम्ही. डॉक्टर लोकांच्या पुस्तकात सुद्धा सोशल फोबिया, म्हणजे हेच जुन्या नावाने, हा वेगळा आजार म्हणून 1980 साली आला, अमेरिकेत. आपल्या फाट्यावर 1998 साली कुणाला कळणार होतं? गुरुजी पण म्हणायचे, पोरगं गुणाचं आहे, वर्गात आवाज नाही.

तिथे करतात काय, नुसत्या गप्पा का, असं वाटेल. नाही. बारा पायऱ्या लिहून काढल्यात, सोप्यापासून अवघडापर्यंत, आणि दर आठवड्याला घरचा अभ्यास असतो. अनोळखी माणसाला पत्ता विचारायचा. भाजीवालीला भाव विचारून न घेता पुढे जायचं. मीटिंगमध्ये आधी पाठ न करता एक वाक्य बोलायचं. जाण्याआधी वहीत लिहायचं की मला काय होईल असं वाटतंय आणि किती खात्री आहे, आणि आल्यावर खरं काय झालं ते. पाचवी पायरी होती दुकानात शर्ट परत करायची. मी लिहिलं, दुकानदार सगळ्यांसमोर अपमान करेल, 90 टक्के. तो म्हणाला, साईज दुसरी देऊ का? संपलं. बाहेर येऊन मी रस्त्याच्या कडेला उभा राहिलो आणि बाबा, तुम्ही आठवलात. सत्तावीस वर्षं लोक तुमच्याकडे साबण, बिस्किटं बदलून न्यायचे आणि रात्री जेवताना तुम्ही त्यातल्या एकाचंही नाव काढलं नाहीत. मला इतकी वर्षं वाटायचं की मी गेल्यावर लोक माझ्याबद्दलच बोलत असतील, आणि ह्याचं उत्तर आपल्या घरातच रोज ताटावर बसलेलं असायचं.

एकदा त्यांनी माझा बोलतानाचा व्हिडिओ काढून मलाच दाखवला. मला वाटत होतं आवाज पाक कापतोय, तोंड लालभडक झालंय. तसं काहीच दिसत नव्हतं, जरा भराभर बोलत होतो, बस. आणि त्यांनी अल्बर्ट एलिस नावाच्या मानसशास्त्रज्ञाची गोष्ट सांगितली. 19 वर्षांचा असताना तो मुलींशी बोलायला प्रचंड घाबरायचा, म्हणून न्यूयॉर्कच्या बोटॅनिकल गार्डनमध्ये एक महिना जायचं आणि बाकावर एकटी बाई दिसली की शेजारी बसून बोलायचं असं त्याने ठरवलं. 130 जणींच्या शेजारी बसला, 30 उठून गेल्या, 100 जणींशी बोलला. एकजण पुन्हा भेटायला तयार झाली आणि ती पण आली नाही. पण कुणी ओरडलं नाही, पोलीस बोलावले नाहीत, आणि त्याची भीती गेली. बाबा, तुम्हाला हा माणूस आवडला असता.

आता तुमच्या मनातले प्रश्न. गोळीची सवय लागते का? झोपेच्या गोळीसारखी नाही लागत, पण मनाने एकदम बंद करायची नसते, डॉक्टर हळूहळू कमी करतात. बरं वाटायला लागल्यावरही सहा महिने ते वर्षभर घ्यावी लागेल. मी दारू घेत नाही हे तुम्हाला माहितीच आहे. खर्च महिन्याला साधारण साडेपाच हजार, ती गाडी घ्यायची होती ती पुढच्या वर्षी घेईन, तुमच्याकडे पाठवतो त्यातला एक रुपया कमी होणार नाही. कुणाला कळेल का? डॉक्टरांनी बाहेर सांगायचं नसतं, 2017 च्या कायद्यातच लिहिलंय. लग्नाचं म्हणशील आई, तर जिला सांगायचं तिला मी स्वतः सांगेन, लपवून काही करणार नाही. मामींना सांगायचं की नाही ते तू ठरव, सांगितलंस तरी मी रागावणार नाही. आणि खंडोबाला पालीला अभिषेक करायचा असेल तर जरूर कर, मी पण येतो. फक्त त्याच्या बदल्यात गोळी बंद कर असं म्हणू नकोस.

तुमचं बघा आता. आई, बीपीची गोळी उपासाच्या दिवशी पण घ्यायची, संकष्टीला तू चुकवतेस हे दादाने सांगितलंय. बाबा, मोतीबिंदूची तारीख गणपतीनंतर नक्की घ्यायची, मी सुट्टी टाकतो, मीच घेऊन जाणार. आणि दुकान बंद केल्यापासून तुम्ही रात्री ओट्यावर एकटे बसून राहता. माझ्याशी नाही बोलावंसं वाटलं तर 14416 वर फोन करा, टेली मानस, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात, रात्री पण उचलतात. नंबर दादाने तुमच्या मोबाईलमध्ये घालून दिलाय.

गणपतीत एवढंच करा. पाहुण्यांसमोर "तो लाजाळू आहे हो" म्हणू नका. कुणी मला काही विचारलं तर आई, तू उत्तर देऊ नकोस. मी गप्प झालो तरी थांब, मनात वीसपर्यंत मोज, पोहे परतत बस, पण थांब. तुला जड जाईल हे मला माहितीये. मी आतल्या खोलीत जाऊन बसलो तर हाका मारू नका, मी परत बाहेर येईन.

आणि शेवटचं, जे मी 18 वर्षं सांगितलेलं नाही. अकरावीला कराडला जायचो तेव्हा एकदा एसटी फाट्यावर थांबली नाही, मला पुढे उतरून तीन किलोमीटर चालत यावं लागलं, दुसऱ्या दिवशी बाबा तुम्ही दुकान बंद ठेवून त्या कंडक्टरशी भांडायला गेलात. त्याची चूक नव्हती. तो थांबवणार होता, मला "थांबवा" म्हणताच आलं नाही. गाडी भरलेली होती, सगळे वळून बघतील असं वाटलं. मी फाटा जाताना खिडकीतून बघत राहिलो. आणि त्या दिवसापासून दोन वर्षं तुम्ही रोज संध्याकाळी साडेसहाला फाट्यावर येऊन हात दाखवून गाडी थांबवायचात. पावसात पण. बॅटरी घेऊन. मला लांबून ती बॅटरी दिसली की श्वास मोकळा व्हायचा. अजूनही गर्दीत घुसमटायला लागलं की मला तीच दिसते.

गणपतीच्या आदल्या दिवशी मी दुपारी निघतोय, सातपर्यंत पोचेन. बाबा, ह्यावेळी फाट्यावर येऊ नका. घरीच थांबा, मखराचं बघा. गाडी मी थांबवतो. नाहीच आवाज निघाला तर पुढून चालत येईन, आई, जेवण झाकून ठेव.

तुमचा
बारक्या