शर्यत सोडली नव्हती, चटई उचलली होती

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकातला मॅरेथॉनचा वृत्तांत वाचला. 'नेटके आयोजन, उदंड प्रतिसाद' हे शीर्षक आयोजकांच्या प्रसिद्धिपत्रकातून जसंच्या तसं उचललं असावं असा संशय आहे, पण त्याबद्दल तक्रार नाही. रविवारची पहाट होती, बातमीदारालाही झोप प्यारी असते. तक्रार आहे ती शेवटच्या परिच्छेदाबद्दल. 'पुरेशा तयारीअभावी अनेक हौशी धावपटूंनी शर्यत अर्ध्यावरच सोडली' असं आपण छापलं आहे. निकालाच्या यादीनुसार त्या 'अनेकां'त मीही मोडते. आणि मी शर्यत सोडलेली नाही. पूर्ण ४२.१९५ किलोमीटर धावले. शेवटचे १९५ मीटर तर जरा जास्तच जीव तोडून, कारण समोर कमान दिसत होती आणि एक माणूस तिची हवा काढत होता.

झालं ते असं. छातीवर लावायच्या क्रमांकाच्या कागदाला आम्ही बिब म्हणतो, त्याच्यामागे वेळ मोजणारी चिप असते. अंतिम रेषेवर ही चिप टिपणाऱ्या चटया अंथरलेल्या असतात. मी पोचले तेव्हा त्यातली एक टेम्पोत चढली होती आणि दुसरीचं टोक एका मुलाच्या हातात होतं. मी लांबूनच ओरडले, "अरे थांब, मला येऊ दे!" तो बिचारा थांबला. गुंडाळलेली चटई त्याने परत उलगडली, वर आलेला कोपरा बुटाने दाबून धरला. मी पाय ठेवला. आवाज नाही. मागे जाऊन पुन्हा ठेवला. तरी नाही. "काकू, मशीनची वायर काढली हो मघाशीच," तो म्हणाला. त्याचा काही दोष नाही, त्याला वरून जे सांगितलं ते तो करत होता. पदकांचं खोकं मात्र त्याने टेम्पोत चढून शोधून काढलं आणि एक पदक स्वतःच्या हाताने माझ्या गळ्यात घातलं. संध्याकाळी निकाल पाहिला तर ४० किलोमीटरपर्यंतच्या सगळ्या नोंदी व्यवस्थित, आणि पुढे 'अपूर्ण'. म्हणजे गळ्यात पदक, निकालात पळपुटी.

आयोजकांना ईमेल केली. दोन ओळींचं उत्तर आलं, की सहा तासांची मुदत संपली होती. माझ्या घड्याळात ती संपायला अजून दहा मिनिटं होती. मग हा फरक आला कुठून? आपल्या बातमीदाराने एवढं विचारलं असतं तरी मला हे पत्र लिहावं लागलं नसतं. बंदूक वाजते तेव्हा पुढचे वेगवान धावपटू निघतात. आम्ही सगळ्यात मागच्या गटात असतो. गर्दी सरकत सरकत आम्ही आरंभरेषेवर पोचेपर्यंत या वेळी वीस मिनिटं गेली. चिप चालू होते ती तिथे, आणि मुदत मोजली बंदुकीपासून. सहा तासांत ४२ किलोमीटर म्हणजे किलोमीटरला साधारण साडेआठ मिनिटं. वीस मिनिटं कापलीत की तेच आठ मिनिटांवर येतं. म्हणजे जे सगळ्यात हळू, त्यांनाच सगळ्यात कडक मुदत! शुल्क मात्र सगळ्यांना सारखंच.

बंदुकीपासून मोजायचं तर खुशाल मोजा. दक्षिण आफ्रिकेतली कॉम्रेड्स ही जवळजवळ नव्वद किलोमीटरची शर्यत वर्षानुवर्षं तशीच चालत आली. बारा तासांची बंदूक वाजली की अंतिम रेषा बंद, एका पावलाने चुकलात तरी चुकलात. पण तिथे हे प्रत्येकाला आधीपासून ठाऊक असतं. आमच्या माहितीपुस्तिकेत 'चिपची वेळ ग्राह्य' असं ठळक अक्षरात छापलं होतं. बॉस्टन मॅरेथॉनच्या पात्रतेसाठीसुद्धा चिपचीच वेळ धरतात. ग्राह्य म्हणायची एक आणि टेम्पो भरायचा दुसरीवर, याला आपण 'नेटके आयोजन' म्हणता.

आता त्या 'तयारीअभावी'कडे येते. वृत्तांतासोबत एका तज्ज्ञांचं मत दिलं आहे, की वय आणि कुवत ओळखूनच अशा स्पर्धांत उतरावं. सल्ला जुना आहे. बायकांना तो फार वर्षं ऐकवला गेला. १९६७ साली बॉस्टनला कॅथरीन स्विट्झर धावत असताना एक अधिकारी तिच्या अंगावरचा क्रमांक ओढून काढायला धावला होता, आणि ऑलिंपिकमध्ये बायकांची मॅरेथॉन सुरू व्हायला १९८४ साल उजाडावं लागलं. तेव्हा कुवतीबद्दल आम्हाला जरा कमीच सांगा.

आणि तयारी म्हणजे काय, हे तज्ज्ञांना कोणी दाखवलं आहे का? घरातलं कोणी उठू नये म्हणून फोन उशीखाली, गजर नुसता थरथरणारा. अंधारात मोज्याची जोडी चाचपायची. आठवड्यात तीन छोट्या धावा आणि रविवारी एक लांब, जी आधी सकाळ खाते आणि मग दुपारही, कारण परत आल्यावर माणूस जिथे बसेल तिथेच झोपतो. अंगठ्याचं नख काळं होतं, गळतं, नवं येतं, तोवर दुसऱ्या पायाचं काळं होतं. सातेकशे किलोमीटर झाले की बूट निवृत्त करायचे असतात, पण टाकवत नाहीत. माझ्या घरात चपलांच्या कपाटाचा एक कप्पा या निवृत्तांचाच आहे आणि त्यावरून घरात बोलणी बसतात. बिबच्या सेफ्टी पिना इतक्या साठल्यात की शेजारपाजारचे मागायला येतात. सगळ्यात वाईट शेवटचे दोन-तीन आठवडे, ज्याला आम्ही टेपर म्हणतो. धावणं कमी करायचं, पाय ताजे ठेवायचे. त्या दिवसांत घसा खवखवला तरी मोठा आजार वाटतो, जिना उतरताना गुडघा बोलल्यासारखा वाटतो, आणि शर्यतीला दहा दिवस असताना त्या दिवशीचं हवामान माणूस तासातासाला बघतो. (घरचे या काळात माझ्याशी मोजकंच बोलतात. शहाणे आहेत.) इतकं करून, ठरलेल्या वेगाने धावून बाकीच्यांना वेग दाखवणाऱ्या पेसरांचे फुगे तासापूर्वीच दिसेनासे झालेले असताना, मागे राहिलेल्यांना उचलत येणाऱ्या स्वीपर गाडीतून "ताई, बसा आता" असं आर्जव चाललेलं असताना, जो पाय उचलत राहतो त्याला आपण 'तयारीअभावी' म्हणता. केनियाचा केल्विन किप्टम २०२३ साली शिकागोत हेच अंतर २ तास ३५ सेकंदांत धावला. त्याला मनापासून नमस्कार. पण तेवढ्या वेळात माझं अर्धं अंतरसुद्धा झालं नव्हतं, आणि पुढचं सगळं ऊन माझ्या वाट्याला होतं.

उन्हावरून आठवलं. वृत्तांताशेजारच्या चौकटीत 'धावताना तहानेची वाट न पाहता भरपूर पाणी प्या' असं छापलं आहे. हे कृपा करून पुन्हा छापू नका. २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं होतं, त्यात १३ टक्के लोकांच्या रक्तातलं सोडियम नेहमीच्या पातळीखाली उतरलेलं निघालं. ज्यांना ते झालं त्यांतले बरेच जण पाणी कमी पडून नव्हे, जास्त पिऊन तिथे पोचले होते, आणि चार तासांहून जास्त वेळ घेणाऱ्यांना हा धोका अधिक होता. चार तासांहून जास्त घेणारे म्हणजे कोण, ते वेगळं सांगायला नको. सावकाश धावणाऱ्याला पाणी ढोसायला भरपूर फुरसत असते. तहान लागेल तसं प्यावं, हे त्या चौकटीत मावलं असतं.

आमच्या बाबतीत अर्थात तो धोका आयोजकांनीच टाळला. ३४ किलोमीटरनंतरच्या टेबलांवर पाणीच नव्हतं. एका टेबलापाशी एक मुलगी ड्रम तिरपा धरून तळाचं पाणी कागदी पेल्यात काढत होती. मला अर्धा पेला मिळाला, मागून येणाऱ्या आजोबांना बहुधा तोही नाही. मिठाच्या पुड्या संपल्या होत्या. रस्त्यावर चुरगळलेल्या पेल्यांचा एवढा चिखल, की पाय घसरू नये म्हणून चालावं लागलं. पुढच्यांनी दोन-दोन पेले उचलून एक डोक्यावर ओतला, तो आमच्या वाट्याचा होता.

स्टॉकहोमला १९१२ च्या ऑलिंपिक मॅरेथॉनमध्ये शिझो कानाकुरी हा जपानी धावपटू उन्हाने कोसळला. वाटेत एका कुटुंबाने त्याला सावरलं, आणि तो आयोजकांना न कळवता मायदेशी निघून गेला. स्वीडिश लोकांनी १९६७ साली त्याला बोलावून शर्यत पुरी करायला लावली आणि वेळ अधिकृतपणे जाहीर केली : ५४ वर्षं, ८ महिने, ६ दिवस, ५ तास, ३२ मिनिटं, २० सेकंद. खऱ्याखुऱ्या 'अर्ध्यावर सोडलेल्या' माणसाला त्यांनी इतकं सांभाळून घेतलं. माझी मागणी त्यामानाने फारच किरकोळ आहे.

आपल्या वृत्तांतातलं ते वाक्य दुरुस्त करावं. किती जणांनी खरोखर शर्यत सोडली आणि किती जण चटई उचलल्यावर पोचले, हे दोन आकडे आयोजकांकडून वेगवेगळे मागून छापावेत. ४० किलोमीटरच्या चटईवर ज्यांची नोंद आहे त्यांची यादी त्यांच्याकडे आहे, त्यामुळे अवघड काही नाही. आणि पुढच्या वर्षी बातमीदाराला पहाटे न पाठवता अकराच्या सुमाराला पाठवावं, तोवर त्याची झोपही झालेली असेल.

आपली,
एक 'अपूर्ण' वाचक

ता. क. पहिल्या पानावरचा फोटो यंदाही आरंभरेषेचाच आहे, हात वर करून किंचाळणाऱ्या गर्दीचा. गेल्या वर्षीचा अंक काढून पाहिला, तर जवळजवळ तोच कोन. आणि निकालाचा तक्ता इतक्या बारीक अक्षरात छापता, की भिंगाखाली धरूनही वयोगट वाचता येत नाही. फोटो थोडा लहान केला तर तक्ता मोठा करता येईल.