वाटेत राहिलेले दहा हजार : अर्थमंत्र्यांना खुले पत्र

माननीय केंद्रीय अर्थमंत्री,
सादर नमस्कार.

इचलकरंजीच्या एका सूतगिरणीत मी चौतीस वर्षं स्टोअर सांभाळलं. 2021 साली साठीला निवृत्त झालो आणि हातात आलेल्या पैशांतले दहा लाख एका विमा कंपनीच्या तहहयात पेन्शनमध्ये टाकले. मेव्हणीचा मुलगा एजंट आहे. आमच्याच जेवणाच्या टेबलावर त्याने फॉर्म पसरला. "काका, असेपर्यंत पेन्शन, आणि तुमच्या माघारी मुद्दल मावशीच्या हातात." त्याने पेन्सिलीने फुल्या मारल्या होत्या तिथे मी सह्या केल्या. कमिशन किती, ते विचारलं नाही. नात्यात विचारत नाहीत.

महिन्याला 4,800 रुपये खात्यात पडतात. त्याआधी 18,000 रुपये जीएसटी वेगळा भरला होता. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आयुर्विम्यावरचा तो कर आपण शून्य केलात, आनंद आहे. माझं मात्र पावणेचार महिन्यांचं पेन्शन त्यात गेलं ते गेलंच.

पण पत्र त्यासाठी नाही. वर्षाची बेरीज होते 57,600, म्हणजे जेमतेम पावणेसहा टक्के. कंपनी माझे पैसे ठेवते कुठे? पेन्शनच्या फंडातला किमान 40 टक्के हिस्सा सरकारी आणि मान्यताप्राप्त रोख्यांत ठेवावा, असा नियमच आहे. म्हणजे फिरून बरेचसे पैसे आपल्याच दारात. मी पैसे टाकले त्याच वर्षी, 2021 च्या फेब्रुवारीत, सरकारने 6.76 टक्क्यांचा, 2061 साली फिटणारा रोखा (म्हणजे कर्जाचा कागद) काढला होता. माझे दहा लाख सगळेच त्यात गेले असं धरलं, तर आपण व्याज देणार 67,600 आणि मला मिळणार 57,600. दहा हजार वाटेत राहिले, आणि तेही दर वर्षी. 2025-26 च्या अर्थसंकल्पात सरकारच्या रुपयातले 20 पैसे व्याजापोटी दाखवलेत. त्यातला थोडा भाग माझ्या नावाने निघतो आणि माझ्यापर्यंत पोचत नाही, एवढंच मला कळलं.

कंपनीला दिवाबत्ती आहे, पगार आहेत, उद्या व्याज घसरलं तरी मला 4,800 देणं आहे. कबूल. पण मुद्दल परत करण्याच्या प्रकारात मी किती जगतो याची जोखीम तिच्यावर फारशी नाही.

आपण म्हणाल, नोव्हेंबर 2021 पासून रिझर्व्ह बँकेचं रिटेल डायरेक्ट आहे, फी नाही, थेट रोखा घ्या. मुलाने खातं काढून दिलंय. व्याज सहा महिन्यांनी येतं. दूधवाला महिन्याला येतो. 2061 साली मी शंभरीचा. त्याआधी गेलो तर पैशांसाठी बायकोने तो रोखा बाजारात विकायचा, त्या दिवशी जो भाव असेल त्या भावाने. ज्येष्ठ नागरिक बचत योजना 8.2 टक्के देते, तिला नावं ठेवणार नाही, पण पाच वर्षांनी नवा दर. मला माझ्या पंच्याऐंशीव्या वर्षाचा दर आज पक्का हवाय.

म्हणून मागणी अशी, की पोस्टात एक आजन्म रोखा विका. व्याज दरमहा, माघारी मुद्दल वारसाला. दर दीर्घ मुदतीच्या सरकारी रोख्यांच्या ताज्या लिलावात ठरेल तो. खर्चापोटी त्यातून पाव टक्का कापून घ्या, चालेल.

सरकारने असले उद्योग करू नयेत, असं कुणी सांगेल. ब्रिटिश सरकारने 1808 मध्ये लोकांना थेट वर्षासनं (एकरकमी पैसे घेऊन मरेपर्यंत ठरावीक रक्कम) विकायला घेतली आणि हात पोळून घेतले, कारण माणसं आयुर्मानाच्या तक्त्यापेक्षा जास्त जगली. पण त्या वर्षासनांत मुद्दल परत नव्हतं, सगळा जुगार आयुष्यावर होता. इथे तो नाही.

महागाईचंही जमवा. डिसेंबर 2013 मध्ये महागाईशी जोडलेले बचत रोखे निघाले होते, महागाईच्या दरावर आणखी दीड टक्का. कल्पना चांगली, पण व्याज साठत जाऊन दहा वर्षांनी एकदम मिळणार होतं. पेन्शनरला मधली दहा वर्षं काय खायचं, हा प्रश्न फॉर्मवर नव्हता. माझे 4,800 पेन्शन सुरू झालं तेव्हाही 4,800 होते, आताही तेवढेच आहेत.

फॉर्म निघाला की आमच्या पोस्टात पाठवा. मेव्हणीच्या मुलाला बरं वाटणार नाही, पण त्याचं मी बघून घेईन.

आपला नम्र,
एक पेन्शनर, इचलकरंजी