1200 चा आकडा सगळ्यांना कसा चालेल?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या आठवड्यात आपल्या पुरवणीत वजन कमी करायचा डाएट चार्ट आला होता, रोज 1200 कॅलरीज, सकाळी काय दुपारी काय सगळं चौकटीत छापलेलं. तो त्याच दिवशी आमच्या सोसायटीतल्या बायकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरला आणि सोमवारपासून सातआठ जणींनी सुरूपण केला, त्यात एक 24 वर्षांची मुलगी आहे आणि एक 61 वर्षांच्या काकू, दोघींना आकडा तोच. मी हे भोगलंय म्हणून लिहितेय.

दोन वर्षांपूर्वी माझं वजन 76 किलो होतं, उंची 156 सेंमी, वय 43, ऑफिसात बसून काम. जिममध्ये 1000 कॅलरीजचा छापील कागद हातात दिला, वय नाही विचारलं की उंची नाही. तीन आठवड्यांत 4 किलो उतरले, घरात सगळे खूश, पण त्यातलं बरंचसं पाणी होतं हे नंतर कळलं. जिना चढताना डोळ्यांपुढे अंधारी यायची, मुलावर उगाच खेकसायचे, पुढे दोनेक महिन्यांनी केस मूठमूठ गळायला लागले. शेवटी सोडून दिलं आणि होतं तेवढं वजन परत आलं.

मग एका आहारतज्ज्ञ मॅडमनी समोर बसवून वहीत हिशोब मांडून दाखवला, तो इथे देते. वजनाला 10 ने गुणायचं, त्यात उंची गुणिले 6.25 मिळवायची, त्यातून वय गुणिले 5 वजा करायचं, मग बायकांनी आणखी 161 वजा करायचे आणि पुरुषांनी 5 मिळवायचे. माझे आले 1359. दिवसभर नुसतं पडून राहिलं तरी शरीराला साधारण एवढं लागतंच. मग कामाप्रमाणे गुणायचं, अगदी बैठं काम असेल तर 1.2, थोडंफार चालणं असेल तर 1.375. मी रोज अर्धा तास चालते, म्हणून माझे 1870 च्या आसपास, त्यातून 400 कमी केले म्हणजे 1470. एक किलो चरबी म्हणजे साधारण 7700 कॅलरीज, म्हणजे आठवड्याला साडेतीनशे ग्रॅम उतरणार. ऐकायला कमी वाटतं पण तेच टिकतं. माझी जाऊ वयाने उंचीने वजनाने माझ्याच जोडीची, पण दिवसभर द्राक्षबागेत राबते, तिचा हिशोब 2300 च्या आसपास जातो, तिने 1200 वर दिवस काढला तर ती बागेतच चक्कर येऊन पडेल.

आकडा कळल्यावर मी किचनचा वजनकाटा आणला आणि आठवडाभर सगळं मोजलं. माझ्या एका पोळीला 45 ग्रॅम कणीक लागत होती, म्हणजे दीडशे कॅलरीज, वर तेल वेगळं, आणि मी मनात धरत होते ऐंशी. तेलाचा तर धक्काच बसला. 5 लिटरचा कॅन आम्हा चौघांना महिनाभर पुरत नव्हता, म्हणजे माणशी रोज 40 मिलीच्या वर तेल, म्हणजे साडेतीनशे कॅलरीज नुसत्या फोडणीत आणि तळणात. आता फोडणीला कॅन वाकडा करत नाही, चमच्याने मोजून घालते. एकादशीची साबुदाण्याची खिचडीपण मोजली, 60 ग्रॅम साबुदाणा, 25 ग्रॅम दाण्याचं कूट आणि दोन चमचे तूप, साडेचारशेला टेकली, म्हणजे उपास करून मी जेवणाएवढंच खात होते. पोळ्या तीनच्या दोन केल्या पण उसळ, वरण, दही, अंडं वाढवलं, त्यामुळे भूक तशी लागली नाही.

आठ महिन्यांत 76 वरून 67 वर आले. मध्ये एकदा काटा तीन आठवडे हललाच नाही, तेव्हा मॅडमनी हिशोब परत करायला लावला, कारण वजन उतरलं की शरीराची गरजपण उतरते. पाळीच्या आधी किलोभर वाढलेलं दिसतं, ते पाणी असतं, त्या दिवसांत काट्यावर उभं राहून रडू नये. आणि मनगटावरचं घड्याळ सांगतं तेवढ्या कॅलरीज जळाल्या म्हणून तेवढं जास्त खायचं नाही, चालणं आधीच हिशोबात धरलेलं असतं. गरोदर बायका, अंगावर पाजणाऱ्या, डायबिटीसच्या गोळ्या किंवा इन्शुलिन घेणारे यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय यातलं काहीच करू नये, शुगर एकदम खाली जाऊ शकते.

माझी विनंती एवढीच आहे की पुढच्या वेळी चार्ट छापाल तेव्हा तो किती वजनाच्या, किती उंचीच्या, किती वयाच्या आणि कसलं काम करणाऱ्या माणसासाठी आहे ते वरच मोठ्या अक्षरात छापा, आणि शेजारी हे गणित एक उदाहरण सोडवून द्या. आमच्या ग्रुपवरच्या त्या काकूंना मी काल वही घेऊन बसवलं, त्यांना बीपीची गोळी चालू आहे, म्हणून आधी डॉक्टरांकडे जाऊन या म्हटलं, त्या गुरुवारी जाणार आहेत.

आपली एक नियमित वाचक,
नाशिक