पहिल्या बँडचा आवाज का पडतो?

महोदय,

रॉक कॉन्सर्टच्या आठवणी निघाल्या की सुरुवातीच्या बँडला ‘आवाजच नव्हता’ असं सर्रास म्हटलं जातं. दोष बहुतेकदा वाजवणाऱ्यांचा नसतो. साउंडचेक, म्हणजे कार्यक्रमाआधीची आवाजाची चाचणी, सहसा उलट्या क्रमाने होतो: मुख्य बँड आधी, पहिला वाजवणारा शेवटी, म्हणजे त्याचं सामान जागेवरच राहतं. मुख्य बँड उशिरा आला की पहिल्या बँडच्या वाट्याला जेमतेम १० मिनिटं उरतात. तेवढ्यात माइक आणि केबल चालू आहेत ना, एवढंच बघून होतं.

मंचावर मागे मुख्य बँडचा मोठा ड्रमसेट झाकून ठेवलेला असतो. त्यामुळे पहिल्या बँडचा ड्रमसेट पुढे, गायकाच्या पाठीला खेटून लागतो. झांजांचा खणखणाट थेट गायकाच्या माइकमध्ये शिरतो. मिक्सरवर (सगळ्या माइकचे आवाज कमीजास्त करणाऱ्या यंत्रावर) गायकाचा आवाज वाढवावा तर झांजाही वाढतात आणि शब्द बुडतात. त्यात हॉल अर्धा रिकामा. एरवी गर्दी जो आवाज शोषून घेते, तो भिंतींवर आपटून घुमत राहतो. ड्रमसेट मंचाच्या कडेला तिरका लावला आणि गिटारच्या अँपचा (आवाज वाढवणाऱ्या पेटीचा) आवाज थोडा कमी ठेवला, तरी बराच फरक पडतो. पण गिटारवाले ऐकतील तर ना!

पहिल्या आणि मुख्य बँडची जोडी चुकली तर मात्र तंत्र काही करू शकत नाही. १९६७ मध्ये रॉक गिटारवादक जिमी हेन्ड्रिक्स ‘द मंकीज’ या पॉप बँडच्या आधी वाजवत असे, तेव्हा समोरची पोरं मंकीजच्याच नावाने ओरडत. थोड्याच कार्यक्रमांनंतर त्याने तो दौरा सोडला.

– एक ध्वनितंत्रज्ञ