सोनू, पाणी कुठलं पितीस

चि. सोनू,
अनेक आशीर्वाद.

काल फोन तू कट केलास का रेंज गेली, हे मी विचारणार नाही. रात्री झोप आली नाही म्हणून मम्मी उठायच्या आत हे लिहायला बसलोय. मोबाईलवर एका बोटानं टाईप करतोय त्यामुळं वेळ लागायलाय, पण फोनवर माझा आवाज चढतो आणि तू गप्प होतीस, त्यापेक्षा हे बरं. शेवटपर्यंत वाच.

मेसचा डबा बंद केलास त्याचा मला राग नाही. तेच पातळ वरण, तीच गार पोळी, चार महिने खाल्लंस हेच खूप झालं. दर रविवारी नवीन ठिकाण शोधतीस, मोबाईलमधे लिस्ट करतीस, त्याचा तर अजिबातच राग नाही. मला फक्त विचारायचं होतं की पाणी कुठलं पितीस. तेवढंच विचारायला फोन लावला आणि तोंडातनं निघालं भलतंच, कावीळ विसरलीस का, परत दवाखान्यात कोण बसणार, पगार खाण्यातच घालवतीस का. पगाराचं तर कुठनं आलं मलाच माहीत नाही. पहिल्या पगारातनं तू दादूची फी भरलीस. चुकलं माझं.

तो नान खलियाचा, म्हणजे नान आणि मटणाच्या रश्शाचा, फोटो मात्र फॅमिली ग्रुपवर टाकायला नको होता. आजीला वाचता येत नाही पण फोटो बघता येतो, आणि हे काय आहे ते सांगायला आत्या शेजारी बसलेलीच होती. आजी दुपारी जेवली नाही. संध्याकाळी मी दूधभाकरी कुस्करून दिली तेव्हा खाल्ली. माळ तिची आहे, तुझी नाही, हे तिलाही कळतं, आठ दिवसांत विसरेल. तू मनाला लावून घेऊ नको.

आणि आता तुला सांगायलाच पाहिजे. तो नान मी तुझ्या जन्माच्या आधीपासनं खातोय.

1999 साली मला कंडक्टर म्हणून लातूर-औरंगाबाद मुक्कामी एसटी लागली. तेव्हा औरंगाबादच म्हणायचे, माझ्या तोंडात अजून तेच येतं, तू संभाजीनगर म्हणतीस. अंबाजोगाई, केज, मांजरसुंब्याला रबडी घेणारे उतरायचे, मग बीड, गेवराई, शहागडला गोदावरी ओलांडली की पाचोड, आडूळ आणि अंधार पडता पडता स्टँड. कॅशचा हिशेब देऊन हातपाय धुईपर्यंत पोटात आग पडलेली असायची. माझे जोडीदार ड्रायव्हर, ज्यांना आम्ही सगळे मामू म्हणायचो, तुझ्या बारशाला चांदीचा चमचा आणला तेच, ते म्हणाले चल, स्टँडसमोर खायचं नाही, गावात जाऊ. पैठण गेट, गुलमंडी, सिटी चौक करत पायी शहागंजात नेलं. नान बघितला तर पिवळाधमक, खलियावर लाल तर्री. मामू सांगायला लागले, 1327 ला तुघलकानं राजधानी दिल्लीहून दौलताबादला आणली तेव्हा फौजेला खाऊ घालायला हे केलेलं, मोठाल्या भट्ट्या लावून. त्या गावात सगळे असंच सांगतात. मी माळकरी घरातला, पहिला घास हातात धरून किती वेळ बसलो होतो. मामू काही बोलले नाहीत, जबरदस्ती केली नाही, आपलं आपलं खात राहिले. मग मी खाल्ला.

मम्मीला माहीत आहे. आजीला आजपर्यंत सांगितलं नाही. तू चार महिन्यात तिथं जाऊन बसलीस आणि फोटो पण टाकलास, मी इतकी वर्षं गप्प. फोटो बघितल्यावर माझ्या मनात पहिल्यांदा राग आलाच नव्हता सोनू, मी त्यात दुकान ओळखायला लागलो होतो, मागची भिंत बघत. राग नंतर आला. ताटाशेजारी स्टीलचा ग्लास दिसला तेव्हा.

हॉटेल कसं बघायचं हे मी मामूकडनं शिकलो, ते तुला सांगतो, बाकीचं सोड. बोर्ड बघायचा नाही, भांडी कुठं घासतात ते बघायचं, हात धुवायच्या निमित्तानं मागं जाऊन यायचं. एकाच टबात दिवसभर ताटं बुचकळत असतील तर कितीही चवीचं असू दे, निघून यायचं. हमाल, रिक्षावाले, कापडाच्या दुकानातली पोरं दुपारी कुठं वळतात ते बघायचं, एकदा येणाऱ्या गिऱ्हाइकाला कुणीही फसवतं, रोज येणाऱ्याला फसवता येत नाही. गर्दीच्या टायमाला जायचं म्हणजे कढई रिकामी होऊन परत चढते, चार वाजता उरलेला रस्सा खायचा नाही. जिथं वर्षानुवर्षं एकच पदार्थ होतो तिथं तोच मागायचा, इमरतीच्या दुकानात जाऊन समोसा मागू नको. आणि ट्रॅव्हल्स थांबतात तसल्या हायवेच्या हॉटेलात शक्यतो खाऊच नको. तिथं ड्रायव्हर-कंडक्टरचं जेवण फुकट असतं, ते पैसे प्रवाशाच्या ताटातनं निघतात. मी पण तसा जेवलोय. एकदा मी आत बसून पनीर खात होतो आणि माझ्याच गाडीतली एक लेकुरवाळी बाई बाहेर एक वडापाव घेऊन दोन पोरांत वाटत होती, दर ऐकून तिनं दुसरा परत ठेवला. ते दृश्य अजून डोळ्यासमोरनं जात नाही.

हे सगळं पाळणारे मामू पाणी मात्र हॉटेलचं प्यायचे नाहीत. घरनं भरलेली छागल, पाण्याची कापडी पिशवी, गाडीला लटकवलेली असायची, जेवायला जाताना ती खांद्यावर. लोक बघायचे. त्यांना काही वाटायचं नाही.

आता तू म्हणशील आलात परत पाण्यावर. आलोच. तुझ्या शहराला पैठणच्या नाथसागरातनं पाणी येतं, पण नळाला रोज येत नाही, हे तूच सांगितलंस. मग गाडेवाला पाणी कुठनं आणणार? टँकर नाहीतर जार. तो निळा जार गार असतो म्हणून लोकांना वाटतं शुद्ध आहे, गार करण्याचा आणि शुद्ध असण्याचा काय संबंध. बर्फाचंही तेच, बर्फ झाला म्हणून काविळीचा विषाणू मरत नाही, डॉक्टरांनी आपल्या दोघांसमोर सांगितलेलं. चहा पी, उकळलेला असतो. बाटली घेतलीस तर सील बघ, आयएसआयचा मार्का बघ. पाणीपुरी... जाऊ दे. लेक्चर झालं. तू बावीस वर्षांची आहेस, मशीनवर बारा जणांची शिफ्ट सांभाळतीस, आणि मी तुला पाणीपुरी शिकवायलोय.

पण एकदाच बोलू दे, मग नाही बोलणार. दोन वर्षांमागं डॉक्टर म्हणाले होते, दूषित पाण्यातनं होणारी कावीळ दिसायला पंधरा दिवसांपासनं दीड महिना लागतो, म्हणून मागच्या दीड महिन्यात कुठं कुठं पाणी प्यायलं ते आठवा. तू आठवत बसली होतीस. कॉलेजची टाकी, स्टँडवरचा रस, मैत्रिणीच्या भावाचं लग्न, आणि कुठला ग्लास ते शेवटपर्यंत कळलं नाही. कळणार पण नव्हतं. तेव्हापासनं माझं असं झालंय की तू आनंदानं सांगतीस पप्पा आज टीव्ही सेंटरला हे खाल्लं, कॅनॉटला ते खाल्लं, आणि मी इकडं कॅलेंडरवर दीड महिना मोजतो. तारखेवर पेनानं बारीक टिंब करून ठेवतो. मम्मीला वाटतं दुधाचा हिशेब आहे.

आणि तू आठ दिवस लपवलं होतंस. रूममेटचा फोन आला तेव्हा कळलं. रात्रीच्या गाडीत जागा नव्हती, मी माझ्याच महामंडळाच्या गाडीत दारापाशी बसून आलो, आणि सकाळी तू दार उघडलंस तर डोळे हळदीसारखे. रिपोर्टमधे बिलिरुबिन 9 च्या वर. मी विचारलं आधी का नाही सांगितलंस, तर तू भिंतीकडं तोंड करून म्हणालीस, तुम्ही ओरडला असता.

ओरडलो असतो. खरंय. नंतर आजी तुला गावाकडं कावीळ उतरवायला घेऊन गेली, चुन्याच्या पाण्यात हात पिवळे निघाले म्हणून ती खूश, आणि मला डॉक्टरांचं सगळं माहीत असून मी आईला नाही म्हणालो नाही, तुझे दोन दिवस प्रवासात वाया घालवले. तिथं ओरडायला पाहिजे होतं, तिथं गप्प बसलो.

रात्री आणखी एक डोक्यात आलं आणि मग झोपच उडाली. 2016 आठवतं ना. तुझी सातवीची परीक्षा, आणि लातूरच्या नळाला महिना महिना पाणी नाही, टाक्यांपाशी भांडणं होऊ नयेत म्हणून जमावबंदी लावलेली. 12 एप्रिलला पहाटे मिरजेहून पाण्याची रेल्वे आली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर, तुला सायकलवर पुढं बसवून बघायला नेलं होतं, तू तेवढी मोठी झालेली तरी पुढंच बसायचीस. त्या उन्हाळ्यात आपल्या घरात नियम होता, ग्लासात घेतलेलं पाणी टाकायचं नाही, घेतलंय तर संपवायचं. दादूनं एकदा अर्धा ग्लास मोरीत ओतला तर मी त्याला मारलं होतं. तू रडली होतीस, तो रडला नव्हता.

तू अजून तसंच करतीस. मागच्या महिन्यात मी आलो तेव्हा बघितलं, चहाच्या टपरीवर पोरानं समोर दोन ग्लास पाणी ठेवलं, तुला तहान नव्हती तरी तू तुझा संपवलास, आणि माझा अर्धा राहिलेला तोही प्यायलीस. ते आम्ही लावलं तुला. पाणी वाया घालवू नको हे शिकवलं, कुठलं पाणी सोडून द्यायचं ते शिकवायचं राहिलं. म्हणून आता बाप म्हणून सांगतो, हॉटेलातला ग्लास तसाच राहिला तर राहू दे. टाकून देऊ देत त्यांना. लातूरचा उन्हाळा तिथं मोजायचा नाही.

मम्मी उठली. काय लिहितायं विचारती. म्हणलं वेबिल, आमच्या तिकिटांच्या हिशेबाचा कागद. हसली, रिटायर होऊन किती दिवस झाले म्हणली.

तिनंच आत्ता मला सांगितलं, काल तू जे सांगत होतीस आणि मी मधेच तोडलं ते. त्या खानावळवाल्या मावशीचं. अंबाजोगाईकडच्या आहेत म्हणे, सकाळी चुरमुऱ्यांचा सुशीला करतात, दुपारी ज्वारीची भाकरी आणि येसराची आमटी, पाच टेबलं, बोर्ड पण नाही, तू कामावरनं येताना फोडणीच्या वासावरनं शोधलंस. आणि पहिल्याच दिवशी त्यांना विचारलंस पाणी कुठलं, तर त्या आत घेऊन गेल्या आणि उकळून झाकून ठेवलेलं पातेलं दाखवलं. हे तू मला सांगत होतीस सोनू. माझ्या प्रश्नाचं उत्तरच देत होतीस आणि मी ओरडत होतो. मम्मी म्हणाली, तुम्हाला उत्तर नको असतं, तुम्हाला भीती पाहिजे असते. मी काही बोललो नाही.

मला त्या शहरात चांगली ठिकाणं कळायला दोन-तीन वर्षं लागली, ती पण मामूचं बोट धरून. तू एकटी गेलीस, वासावर गेलीस, आणि आत जाऊन पातेलं बघून आलीस. मी हे डेपोतल्या दोघा-तिघांना आज सांगणार आहे, चहाला जाईन तेव्हा.

एक मात्र कबूल कर. बरं नाही वाटलं, अन्नावरची वासना उडाली, लघवी पिवळी दिसली तर त्याच दिवशी फोन कर. रात्री दोन वाजले तरी. मी ओरडलो तर फोन मम्मीकडं दे म्हण, मी देईन. लपवू नको एवढंच. नान खा, इमरती खा, उस्मानपुऱ्यात तारा पान खा, फोटो टाक. आजीचं मी बघतो. तिला माझंही सांगून टाकावं का, असं सकाळपासनं मनात आहे. तू आलीस की बघू.

शनिवारी सकाळच्या गाडीनं मी येतोय. कामाचं काही नाही, उगीच. मम्मी धपाटे बांधायला निघाली होती, मी नको म्हणलं, जेवण त्या मावशींकडं करू आणि रात्री तू नेशील तिथं जाऊ, तुझ्या लिस्टमधलं सगळ्यात वरचं. पैसे तू द्यायचे, मी काही म्हणणार नाही. रविवारी वेळ असला तर पाणचक्कीला जाऊ. मामू आणि मी तिथं हौदाच्या कडेला बसायचो, डोंगरातलं पाणी खापरी नळातनं आणून त्यावर जातं फिरवायचे आणि दर्ग्यात येणाऱ्यांना जेवू घालायला पीठ दळायचे, ते जातं मला तुला दाखवायचंय.

चिकलठाण्याला उतरू का सिडको स्टँडला ते मेसेज कर. पाण्याच्या दोन बाटल्या मी घरनं भरून आणतो, एक तुझी.

तुझा,
पप्पा