रापी वडू नगं

कोल्हापूर,
१४ सप्टेंबर २०२५

प्रिय सुमे,

काल रात्री आई बोलली. अकरा दिवसांनी, आणि चारच शब्द. "रापी वडू नगं. ढकल." एवढं म्हणून ती पाण्याचा तांब्या घेऊन आत गेली आणि दिवा मालवला. मी रापी, अण्णांची ती कातडं कापायची पाती, हातात धरून तशीच बसून राहिले. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "बोलल्या ना? झालं मग." सुमे, झालं कुठं? ते चार शब्द कुणाला कळतील तर तुलाच, म्हणून आज शाळेला सुट्टी आहे तर लिहायला बसले. तुझ्या दिवाळीतल्या पत्राला उत्तर दिलं नाही, तेव्हापासून तुझं नाव फोनवर दिसलं की अपराध्यासारखं वाटतं. राग असेल तर हे वाचून झाल्यावर काढ. तब्येती ठीक. माझी शुगर होती तेवढीच आहे, आईचे गुडघेही.

पहिल्यापासून सांगते. जूनमध्ये मिलानच्या एका फॅशन शोत आपल्या कोल्हापुरीसारख्या चपला दिसल्या आणि पेपरांत रान पेटलं, ते तू वाचलंच असशील. आमच्या स्टाफरूममध्ये आठवडाभर दुसरा विषय नव्हता. २०१९ला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालंय, आपले चार जिल्हे आणि कर्नाटकातले चार, मग त्यांनी कोल्हापूरचं नाव का घेतलं नाही, असं सगळे तावातावानं बोलत होते. त्यात नव्या आलेल्या बाईंनी विचारलं, "ही चपलेवरची वेणी मशीनवर घालतात का हो?" आणि माझ्या तोंडून गेलं, "नाही, हातानं. मी घालायची. माझे वडील चपला करायचे." वीस वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा बोलले गं मी हे. कुणी काही वेगळं म्हणालं नाही. उलट त्या बाई जवळ सरकून वेणी कशी धरायची ते विचारत बसल्या. पण माझे हात थरथरत होते, आणि डोळ्यांसमोर सातवीचा वर्ग आला.

आला ना तुझ्याही? 'वडिलांचा व्यवसाय' या रकान्यात मी 'शेती' लिहिलं होतं आणि तू उभी राहून बाईंना सांगितलंस, "हिच्या वडलांचं आणि माझ्या काकांचं दुकान शेजारी-शेजारी हाय." सहामाही संपेपर्यंत मी तुझ्याशी बोलले नाही. तुझ्या डब्यातली शेंगदाण्याची चटणीसुद्धा नाकारली, आणि ती चटणी मला किती आवडायची ते तुला माहीत आहे. तू खरं बोललीस हे मला त्या दिवशीही कळत होतं. माफी मात्र मागायची राहिली. आज मागते.

स्टाफरूममध्ये बोलले त्याच संध्याकाळी अण्णांची पेटी काढली. रोहिदास महाराजांच्या फोटोखालची, तीच. अण्णा जाऊन सहा वर्षं झाली, पण आत गंजाचा ठिपका नाही. आई दर खंडेनवमीला सगळी हत्यारं काढून तेलाच्या फडक्यानं पुसते, हळदकुंकू लावते आणि परत ठेवून देते. तीन रापी, भोकं पाडायच्या दोन आऱ्या, हातोडी, पक्कड, पायाच्या आकाराचा एक फर्मा, आणि काळा पडलेला मेणाचा गोळा, त्यावर अण्णांच्या दोऱ्याच्या खाचा जशाच्या तशा. वास तर विचारूच नकोस. बाभळीची साल आणि हिरड्याचा तोच वास. मला वाटलं अण्णा आता आतून चहा मागतील.

तुझ्या काकांच्या चपलाही आठवल्या. त्यांची करकर गल्लीच्या तोंडाशी ऐकू आली की आपण चिंचा परकरात लपवायचो! बिचारे हौसेनं चपला वाजवत यायचे आणि त्या वाजण्यामुळेच त्यांच्या वाट्याला कधी चिंच आली नाही.

तर, मी शिकायला लागले. आणि सुमे, आपल्याला काय काय येत नव्हतं ते आत्ता कळतंय. वेणी आपली, गोंडे आपले, टोचणं-शिवणं आपलं. रापी कधीच नाही. मापाला तळ कापायचा, चपलेचे बाजूचे कान काढायचे, कड छिलून पातळ करायची, ते सगळं पुरुषांचं. आई चाळीस वर्षं अण्णांच्या समोर बसली, पण रापी तिच्याही हातात आली नाही. पुसायला तेवढी आली.

मी आधी काय केलं, तर ऑनलाइन बेचाळीस नगांचा संच मागवला. त्यातले सहा नग कामाचे. बाकीचे ठसे, चाकं आणि बोथट पाती. कापायला गेलं की कातडं चुरगळायचं. मग अण्णांच्या रापीला पाण्याच्या दगडावर धार दिली, जुन्या पट्ट्याच्या आतल्या बाजूवर घासली, आणि पहिला काप लोण्यासारखा गेला. तुझी धाकटी कधी शिकायचं म्हणाली तर तिला संच घेऊ देऊ नकोस. एक चांगली रापी, एक आरी, टाक्यांच्या खुणा पाडायला चार मिलिमीटर अंतराचा दात्यांचा ठोका, दोन बोथट टोकांच्या सुया, मेण लावलेला दोरा, हातोडी आणि खाली ठेवायला जाड फळी. एवढ्यावर वर्षभर काम होतं. कातडं मात्र बघून घ्यावं लागतं. बाजारातलं मऊ, रंगीत कातडं बहुतेक क्रोमचं, म्हणजे क्रोमियमच्या क्षारात पिकवलेलं असतं. ते पिशव्यांना छान, पण त्याची कड घासून चमकत नाही. आपल्याकडचं सालीत आणि हिरड्यात पिकवलेलं कातडं पाणी लावून घासलं की कड काचेसारखी होते. अण्णा नखानं दाबून, नाकाशी धरून सांगायचे. मला अजून दाबून कळत नाही, वासावरून मात्र कळतं.

हातशिलाई जमली. एकाच दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया, प्रत्येक भोकातून दोन्ही बाजूंनी. दोरा शिवणीच्या चौपट लांब घ्यायचा, नाहीतर मधेच संपतो. या शिवणीचं मला कौतुक वाटतं. मशीनच्या टाक्यात वरचा दोरा आणि खालचा दोरा एकमेकांत नुसते अडकलेले असतात, एक तुटला की पुढचं उसवत जातं. हिच्यात एक तुटला तरी दुसरा सगळ्या भोकांतून गेलेला असतो, तो धरून ठेवतो. मुलांना शाळेत हे दाखवलं तर दोन पोरं दुसऱ्या दिवशी फाटकी दप्तरं घेऊन आली.

आता ज्याच्यासाठी एवढं लिहितेय ते. मला दहा-बारा बटवे लवकर करायचे होते, आणि घरात आईचं उषा मशीन होतं. तुला सांगायला नको ते मशीन काय आहे. माझ्या डी.एड.ची फी त्याच्यावर शिवलेल्या ब्लाउजांतून गेली. तुझ्या लग्नाचे परकर त्याच्यावरच शिवले. आई दुपारी झोपली होती. मी सोळा नंबरची सुई घातली आणि दोन-दोन मिलिमीटरचे दोन थर मशीनच्या पायाखाली सरकवले. चार मिलिमीटर, तेही आपलं घट्ट कातडं. पहिला टाका पडला, दुसरा अडला, तिसऱ्याला मी चाक हातानं जोर लावून फिरवलं. कट्‌कन सुई मोडली, तुकडा खालच्या दोऱ्याच्या शटलमध्ये गेला आणि चाक जागच्या जागी थांबलं. आवाजानं आई उठून दारात आली. तिनं मशीनकडं बघितलं, मग माझ्या मांडीवरच्या रापीकडं बघितलं, आणि परत आत गेली. त्यानंतर अकरा दिवस शब्द नाही. जेवण वाढते, गोळ्या वेळेवर घेते, टीव्ही बघते. माझ्याशी मात्र नाही.

लक्ष्मीपुरीतल्या कारागिराला बोलावलं. तो म्हणाला, सुईचा दांडा वर सरकलाय आणि शटलच्या टोकाला चरा पडलाय, म्हणून दोरा खाली गुंततोय. दांडा बसवला, चरा बारीक पॉलिश पेपरनं घासला. मशीन आता चालतं. आईनं अजून हात लावलेला नाही.

आणि मला कळेना, ती कशासाठी गप्प आहे. मशीन मोडलं म्हणून असेल तर मी पाय धरते, विषय संपला. पण तिनं दुसऱ्यांदा बघितलं ते रापीकडं. अण्णा म्हणायचे ते आठवतं ना? "माझ्यासंगं ही पेटी मिटली पायजे." आपल्या हातांना खडू लागावा, कातड्याचा वास लागू नये, यासाठी त्या दोघांनी काय काय सोसलं. आणि सत्तेचाळिसाव्या वर्षी लेक तीच पेटी उघडून, त्यातली रापी मांडीवर घेऊन, तिनं जपलेलं मशीन मोडून बसलेली. तिला वाटलं असेल, सगळं वाया गेलं. की वाटलं असेल, आम्हाला पोटासाठी करावं लागलं ते हिला हौस म्हणून सुचतंय? हा दुसरा विचार आला की मला झोप लागत नाही. मला पगार आहे, पेन्शन आहे. मी चुकलेला तुकडा बाजूला टाकू शकते. अण्णांना एक कान चुकला तर त्या दिवसाची भाजी जायची. हे मी विसरलेले नाही, पण आईला ते कसं दिसणार?

आणि मग कालचं. रात्री साडेनऊला मी कड छिलत होते. रापी माझ्याकडं ओढत होते, आणि दर वेळी पातं आत घुसून कातडं फाटत होतं. तीन पट्ट्या वाया गेल्या. आई मागं कधी येऊन उभी राहिली कळलं नाही. "रापी वडू नगं. ढकल." मी ढकलली. पातं आडवं पडलं आणि कातड्याचा पापुद्रा कांद्याच्या सालीसारखा निघून आला. मागं वळले तर ती गेलेली.

तिनं आयुष्यात रापी चालवलेली नाही, सुमे. चाळीस वर्षं बघून तिला ते ठाऊक आहे. मग ती हे मला शिकवून गेली, की कातडं वाया जाताना बघवलं नाही म्हणून तोंडातून निघालं? मी उलटसुलट करून दमले. आज सकाळी पुन्हा गप्प. सगळ्यांच्या कपांत साखर मात्र तिनंच घातली, माझा कप सोडून.

तर पुढचं ऐक. मला मशीन घ्यायचं आहे, वेतन आयोगाच्या फरकाचे पैसे बाजूला आहेत. घरगुती मशीनला खालचेच दाते कापड सरकवतात, वरचा पाय नुसता दाबून धरतो. कातडं त्या पायाला चिकटतं, वरचा थर मागं राहतो, टाके लहान-मोठे पडतात. वॉकिंग फूट म्हणतात त्या मशीनमध्ये वरचा पाय आणि सुईसुद्धा कातड्याबरोबर पुढं चालते. जुकीचं १५४१ हे त्यातलं नावाजलेलं. इथं एक जुनं आलंय, पण त्याला क्लच मोटर आहे. पाय टेकला की सुसाट पळतं, आणि कातड्याला एकदा भोक पडलं की पडलं, कापडासारखं उसवून परत शिवता येत नाही. सर्व्हो मोटर बसवली तर एकेक टाका सावकाश टाकता येईल असं कारागीर म्हणतो. तुझ्या दिरांच्या धारावीतल्या कारखान्यात अशी मशीनं आहेत ना? त्यांना एवढं विचार, जुन्या मशीनचं काय काय तपासून घ्यावं. चपलांसाठी नकोय मला ते. चपलेला खिळा नाही आणि मशीनचा टाकाही नाही, ती कातड्याच्या वादीनंच शिवायची. बटवे आणि दप्तरं तेवढी मशीनवर.

पण आई बोलल्याशिवाय दारात दुसरं मशीन आणायचं नाही, हे माझं नक्की आहे. सतरा दिवसांवर खंडेनवमी. पाटावर अण्णांची हत्यारं आणि उषा दोन्ही मांडतो आपण. या वर्षी ती उषाला कुंकू लावेल की नाही, याची मला धास्ती वाटते.

तुझं कसं चाललंय? थोरलीचं कॉलेज बदललं का? भाऊजींचा डोळा बिघडलाय म्हणत होतीस, ऑपरेशन झालं का ते कळव. पिंपरीच्या घराचा ताबा मिळाला असेल तर अभिनंदन, वास्तुशांतीला बोलावलंस तर रजा टाकून येईन. सासूबाईंना नमस्कार.

आता काम. आईला फोन कर. ती तुझ्याशी बोलते, तुला लहानपणापासून माझ्यापेक्षा जास्त सांगते. मी लिहिलंय म्हणू नकोस, नुसतं विचार, "काकी, मंदी काय करते?" आणि ती जे म्हणेल ते जसंच्या तसं मला कळव, गोड करून नको. आणि दिरांकडून चामड्याच्या टोकाच्या सुया पाठव, डीपी १६ प्रकारच्या, बावीस नंबर, एक पाकीट. मशीन आलं तर लागतील. नाही आलं तर त्याही पेटीत राहतील. खंडेनवमीच्या आत पोचायला हव्यात.

तुझी,
मंदी