खालचे दोन कप्पे

डोंबिवली,
7 डिसेंबर 2025

ती. आई-बाबा,
सा. न.

मंगळवार-बुधवारपर्यंत पार्सल पोचेल. बाबा, खोका जड आहे, तुम्ही एकट्याने उचलून जिना चढू नका. खालीच, ओट्यावर उघडा. आत सहा पुस्तकं आहेत.

दिवाळीत कपाट पुसायला घेतलं तेव्हा खालचे दोन कप्पे अजून मोकळेच दिसले. 2019 च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलाशी पाणी 57 फुटांवर गेलं आणि आपल्या घरात कमरेएवढं शिरलं, त्याला सहा वर्षं झाली. वरच्या कप्प्यांतली पुस्तकं तेवढी वाचली. खालची फुगून एकमेकांना चिकटली होती. बाबा, तुम्ही गच्चीवर बसून एकेक पान सोडवत होतात, आणि आठ दिवसांनी काही न बोलता उठलात. नगर वाचनालयातली पुस्तकंही त्याच पुरात भिजली. तेव्हापासून तुमचं तिकडचं जाणं सुटलं ते सुटलंच. या दिवाळीत मी विचारलं, तर म्हणालात, "आता मराठीत वाचण्यासारखं येतं कुठे?" ते वाक्य मी थेट डोंबिवलीपर्यंत बरोबर घेऊन आले.

येतं, बाबा. खरंच येतं. आधी वाटलं होतं, गेलेलीच पुस्तकं पुन्हा विकत घेऊन कप्पे भरावेत. पण ती तुम्हा दोघांना जवळजवळ पाठ आहेत. आणि एक गोष्ट मला फार उशिरा कळली. आपल्या कपाटात शिंपी होता, धरणग्रस्त होता, बँडवाला होता, पण तो दुसऱ्या कुणाच्या तरी गोष्टीत, कडेला उभा. आता ती माणसं स्वतः लिहितायत. तुमचं वाचन सुटलं त्याच वर्षांत हे सगळं आलं, याची मला हळहळ वाटते.

आई, तुझ्यासाठी आधी 'उसवण'. देविदास सौदागर तुळजापूरचे, स्वतः शिलाईकाम केलेले. 2024 चा साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार या कादंबरीला मिळाला. गोष्ट शिंप्याची आहे. रेडीमेड कपडे येतात, गिऱ्हाईक तुटत जातं, मशीन आहे तिथेच असतं आणि घर मात्र हळूहळू उसवत जातं. लहानसं पुस्तक आहे, तीन दुपारी पुरेल. वाचताना मला सारखी तू दिसत होतीस. उषाच्या मशीनवर रात्री अकरापर्यंत ब्लाउज शिवणारी, आम्ही झोपल्यावर दिव्यावर वर्तमानपत्र टाकून उजेड कमी करणारी. मी नववीत असताना तुझ्याकडची गिऱ्हाइकं एकाएकी कमी झाली. तू म्हणायचीस, "बरं झालं, डोळ्यांना आराम." ते आरामाचं नव्हतं, हे मला हे पुस्तक वाचेपर्यंत कळलं नव्हतं. तेव्हा विचारायला हवं होतं. आता विचारते आहे. वाचून झालं की सांग, त्यातलं काजं-बटणांचं, उधारीचं, सणाच्या आधीच्या गर्दीचं खरं उतरलंय का. माझ्यापेक्षा तुझं मत मोलाचं आहे.

बाबा, तुमच्यासाठी कृष्णात खोतांचं 'रिंगाण'. याला 2023 चा साहित्य अकादमी पुरस्कार आहे. पण पुरस्कारासाठी पाठवत नाही. धरणासाठी उठवलेल्या गावाची ही कादंबरी आहे. माणसं नव्या जागी जातात, काही जनावरं मागेच राहतात. त्यांतली एक म्हैस परत आणायला एक माणूस सोडलेल्या गावी जातो, आणि म्हैस आता रानाची झालेली असते. एवढीच गोष्ट. पण तो माणूस आणि ती म्हैस समोरासमोर येतात तेव्हा कोण कुणाला सोडून गेलं होतं, हा प्रश्न पानापानातून वर येत राहतो. भाषा पन्हाळ्याकडची आहे, तुम्हाला अडणार नाही. मला पहिली वीस पानं सावकाश वाचावी लागली.

तुम्ही वारणेच्या धरणाच्या कामावर होतात ती वर्षं मला फक्त चांदोलीचं जंगल, जीप आणि तुमची चिखलाची गमबूट एवढीच आठवतात. गावं उठली त्याबद्दल तुम्ही घरात कधी बोलला नाहीत. एकदाच सांगितलं होतंत, एका म्हातारीने घराचा उंबरा काढून बैलगाडीत घातला आणि वर स्वतः बसली. मी तेव्हा हसले होते, आणि तुम्ही ताटावरून उठलात. 'रिंगाण' वाचताना ती म्हातारी मला दिसली. तुमच्यावर बोट ठेवायला हे पुस्तक पाठवत नाही, बाबा, हे आधी सांगते. तुम्ही नकाशे आणि मोजमापं सांभाळलीत, आणि त्या पाण्यावर किती शिवारं पिकली हे मला माहीत आहे. पण तुम्ही तिथे होतात, पाहिलंत, आणि ते कुणाला सांगितलं नाहीत. हे पुस्तक त्याबद्दल बोलणारं सोबती होईल असं वाटलं. जड वाटलं तर मधे थांबा, दोन दिवस जाऊ द्या.

तिसरं, 'अन्न हे अपूर्णब्रह्म'. शाहू पाटोळे यांचं. तसं हे 2015 चं, पण 2024 मध्ये भूषण कोरगावकरांनी त्याचा इंग्रजी अनुवाद केला आणि ते पुन्हा लोकांच्या हाती आलं. मराठवाड्यातल्या महार आणि मांग समाजाच्या घरांत काय शिजायचं, कसं शिजायचं, कशावाचून शिजायचं, ते यात आहे, पाककृतींसकट. आई, यात मांसाचं बरंच येतं. उन्हात वाळवलेल्या मांसाच्या चान्या येतात. तुला सवय नाही, पण पान उलटू नकोस. तेल-तूप-दुधाचा पत्ता नसलेल्या चुलीवर चव कशी आणली, हे स्वयंपाक जाणणाऱ्या बाईने वाचावं. आपल्या भिंतीवर 'अन्न हे पूर्णब्रह्म' लिहिलेली फरशी आहे ना, मला तिच्याकडे आता पूर्वीसारखं बघता येत नाही.

एक इंग्रजी पुस्तक आहे, बानू मुश्ताक यांचं 'हार्ट लॅम्प'. हासनच्या वकीलबाई. मूळ कथा कन्नड, 1990 ते 2023 या काळात लिहिलेल्या, त्यांतल्या 12 दीपा भास्ती यांनी इंग्रजीत आणल्या, आणि यंदा मे महिन्यात त्याला आंतरराष्ट्रीय बुकर मिळालं. कथासंग्रहाला ते पहिल्यांदाच मिळालं. कर्नाटकातल्या मुसलमान बायकांच्या गोष्टी आहेत. अनुवादात कन्नड शब्द तसेच ठेवलेत, खाली टीप नाही. म्हणून असं करा, बाबांनी वाचायचं आणि अडलं की आईला विचारायचं. अथणीचं कानडी माहेर कधी नव्हे ते पुस्तक वाचायला कामी येईल. रोज एकच कथा घ्या. दोन घेतल्या तर रात्री झोप येणार नाही.

विशाखा विश्वनाथ यांचा कवितासंग्रह आहे, 'स्वतःला स्वतःविरुद्ध उभं करताना'. तो आईच्या उशाशी. आणि भारत सासणे यांचं 'समशेर आणि भूतबंगला' तुमच्यापैकी कुणाचंच नाही, ते चिनूचं. त्याला ते नाताळच्या सुटीत आजोबांच्या तोंडून ऐकायचंय, तोवर मी उघडू दिलेलं नाही. बाबा, आवाज बदलून वाचा, मला वाचायचात तसं.

मोतीबिंदूची दोन्ही ऑपरेशनं झाली, नवा चष्माही आला, त्यामुळे डोळ्यांची सबब मी ऐकणार नाही. पण संध्याकाळी ट्यूबलाइटखाली वाचू नका. सकाळी नऊ ते साडेदहा गच्चीत चांगलं ऊन असतं. तुळशीच्या कट्ट्याला पाठ टेकता येते. आई, पोथीची घडवंची वर नेऊन ठेव, म्हणजे मान अवघडणार नाही. कानाला रुमाल बांधा दोघंही. आणि जमलं तर एकाने वाचावं, दुसऱ्याने शेंगा सोलाव्यात. पूर्वी तुम्ही असंच वाचायचात, मी पायरीवर बसून ऐकायचे. मला वाचनाची गोडी तिथे लागली, शाळेत नाही.

वाचून झालेली पुस्तकं वरच्या कप्प्यात कोंबू नका, खालच्याच कप्प्यांत ठेवा. पावसाळा लागायच्या आधी मी येऊन ती वर हलवीन, दर वर्षी हलवीन, ते माझं काम.

बाबा, 'रिंगाण' संपलं की फोन करू नका. पत्र लिहा, दोन ओळींचं का होईना. त्या उंबऱ्याचं पुढे काय झालं, ते मला अजून माहीत नाही.

तुमची,
मनू